वही कोणाच्या हातात?



अलीकडे गटाच्या बैठकांमध्ये एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. "बँकेतून फोन येतो, क्रेडिट कार्ड घ्या म्हणतात. घ्यावं का?" कोणी म्हणते, ते शहरातल्या नोकरीवाल्यांचं काम. कोणी म्हणते, फुकट मिळतंय तर घेऊन ठेवावं. आम्ही गटांच्या सहयोगिनींनी यावर बोलायचं ठरवलं, तेव्हा वाटलं की नुसतं "घ्या" किंवा "नका घेऊ" सांगून भागणार नाही. उधारी ही आपल्या वऱ्हाडाला नवीन नाही. नवीन आहे ते फक्त कार्ड. म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

आपल्या भाषेत एक छान शब्द आहे, पत. पतपेढी, पतसंस्था हे शब्द त्यातूनच आले. पत म्हणजे पैसा नाही. पत म्हणजे आपल्या शब्दावर दुसऱ्याचा असलेला विश्वास. "लाख जावो पण साख न जावो" असं जुनी माणसं म्हणत, ती साख म्हणजेच पत. पण ही पत मोजायची कोणी, आणि लिहून ठेवायची कोणाच्या वहीत? वऱ्हाडातल्या कर्जाचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते १८६५. तिथला कापूस विलायतेला जाणं थांबलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आपल्या पऱ्हाटीची आठवण झाली. कापसाला न भूतो असा भाव आला. अकोला, बडनेरा करत रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी दिसू लागली. भाव चढा होता तेव्हा सावकारानेही हात सैल सोडला. मग अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळले, पण वहीतला आकडा काही खाली आला नाही. जमीन गहाण टाकता येत होती, विकता येत होती, आणि कोर्टाचा हुकूमनामाही मिळत होता. उधारी स्वस्त आणि सोपी वाटते तेव्हाच ती जास्त घेतली जाते, आणि फेडायची वेळ नेमकी भाव पडल्यावर येते. हे आपल्या पणजोबांनी भोगलेलं आहे.

त्या काळी बियाण्याला दाणे घेतले तर सवाईने किंवा दिढीने परत करायचे. एक पायली घेतली तर सव्वा किंवा दीड पायली द्यायची. व्याजाने मुद्दलाच्या पुढे जाऊ नये, असा दामदुपटीचा जुना नियम होता. पण जुन्या कर्जाचं व्याज धरून नवा कागद केला की तेच व्याज मुद्दल होऊन बसे. कास्तकाराला वाचता येत नव्हतं. अंगठा उमटवला की कागदावर काय लिहिलं ते सावकाराला माहीत आणि देवाला माहीत.

पश्चिमेकडे पुणे आणि नगर भागात याचा स्फोट झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर हल्ला केला, आणि मग ते लोण गावोगाव पसरलं. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की लोकांचा मुख्य राग कर्जरोख्यांवर होता. कागद हाती लागले की ते जाळत. चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात तीन साध्या गोष्टी होत्या. पैसे भरले की शेतकऱ्याला लेखी पावती मिळाली पाहिजे. मागितला तर वर्षाचा हिशेब मिळाला पाहिजे. आणि त्याच्याजवळ स्वतःचं पासबुक असलं पाहिजे. पावती, हिशेब, पासबुक! आज आपल्या गटात प्रत्येकीजवळ पासबुक असतं, ते आपल्याला साधं वाटतं. त्यामागे एवढी मोठी लढाई आहे.

वऱ्हाडातही बाजाराला शिस्त लावावी लागली. १८८६ मध्ये कारंजाच्या कापूस बाजाराला सरकारी नियम लागले आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी वेगळा कायदा झाला. देशातल्या बाजार समित्यांची सुरुवात आपल्या भागातून झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ पडले आणि पुन्हा माणसं वहीकडे वळली.

याच काळात शेंडगावात १८७६ साली जन्मलेला एक मुलगा मामाच्या घरी वाढत होता. गुरं राखली, वावरात राबला. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात कशी गेली ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. तेच पुढे आपले गाडगेबाबा झाले. बाबा कीर्तनात सांगायचे ते आपल्या सासवांनी, आजेसासवांनी ऐकलं आहे. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्न करू नका, पोरांना शिकवा. कर्ज आणि शिक्षण या दोन गोष्टी बाबा एकत्र सांगत, कारण ज्याला वही वाचता येत नाही त्याला वहीतून सुटताही येत नाही.

पुढे कायदे येत गेले. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि गावोगाव सोसायटी उभी राहू लागली. १९३४ मध्ये मध्य प्रांतात सावकारीचा कायदा आला. सावकाराने नीट हिशेब ठेवावा आणि ऋणकोला तो द्यावा, असं त्यात सांगितलं. तरीही स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा खेड्यातल्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून येत होतं आणि सहकारी संस्थांकडून जेमतेम ३ टक्के. १९ जुलै १९६९ ला १४ मोठ्या बँका सरकारने ताब्यात घेतल्या आणि मग हळूहळू बँक गावाकडे आली.

पण तायांनो, या सगळ्या कहाणीत बाई कुठे होती? सातबारा घरधन्याच्या नावाने, म्हणून सोसायटीचा सभासद तोच, म्हणून कर्जही त्यालाच. बाईची पत म्हणजे तिच्या अंगावरचं डोरलं आणि पाटल्या. त्या गहाण पडायच्या, सोडवायच्या राहून जायच्या. कर्ज तिच्या नावावर नसायचं, पण फेडायला मजुरी तिचीच जायची. घरावर डोंगर आणि नावावर काहीच नाही, अशी ती स्थिती.

ती बदलली बचत गटाने. महाराष्ट्रातला पहिला बचत गट १९४७ मध्ये आपल्याच अमरावती जिल्ह्यात चार बायांनी चार-चार आणे जमा करून सुरू केला, असं बचत गटांच्या प्रशिक्षणात सांगितलं जातं. १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे आपलं माविम स्थापन झालं. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गट बँकेला जोडायचा प्रयोग सुरू केला. २०११ पासून उमेद आलं. आपली पंचसूत्री बघा. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. पाचवं सूत्र शेवटी येतं, पण आम्हाला विचाराल तर इतिहास घडवला तो त्याने. पहिल्यांदाच वही बायांच्या हातात आली. कोणी किती घेतलं, किती फेडलं, व्याज किती झालं, हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जाऊ लागलं. तारण न देता बँक गटाला कर्ज देते, ती या वहीवर विश्वास ठेवून.

आता येऊ कार्डाकडे.

अमेरिकेत १९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचं कार्ड निघालं, हॉटेलात जेवून बिल नंतर द्यायचं म्हणून. १९५८ मध्ये तिथल्या एका मोठ्या बँकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी, म्हणजे आपल्यासारख्याच शेतीच्या मुलखात, सुमारे ६०,००० लोकांना न मागता घरपोच कार्डं पाठवून दिली. पहिल्या काही काळात थकबाकी एवढी वाढली की बँकेला घाम फुटला. न मागता मिळालेली उधारी तिथेही महागात पडली. आपल्या देशात १९८० च्या सुमारास सरकारी बँकांनी कार्डं काढली, पण ती शहरातल्या लोकांसाठी. गावात पहिलं "कार्ड" आलं ते १९९८ मध्ये, किसान क्रेडिट कार्ड. पुढे २०१९ मध्ये ते दुधाची जनावरं, शेळ्या आणि मासेमारीसाठीही मिळू लागलं.

दोन्हींच्या नावात क्रेडिट कार्ड आहे म्हणून गोंधळ करू नका. किसान कार्डावरचं पीककर्ज हंगामानुसार फेडायचं असतं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ३० जूनपर्यंत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते शून्य टक्क्यांवर येतं. पापळच्या आपल्या पंजाबरावांच्या नावाची ही योजना आहे. साधं क्रेडिट कार्ड मात्र हंगाम ओळखत नाही. त्याचं बिल दर महिन्याला येतं. कापूस दिवाळीनंतर विकला जातो, तूर त्याच्याही नंतर. ज्या घरात पैसा वर्षातून दोनदा येतो, त्या घरात दर महिन्याला बिल मागणारं कार्ड पेरणीच्या तोंडावर वापरणं म्हणजे १८६५ पुन्हा घरी बोलावणं. ज्या ताईला महिन्याला पैसा येतो, शिवणकामाचा, दुधाचा, किराणा दुकानाचा, अंगणवाडीच्या मानधनाचा, तिने कार्डाचा विचार करावा.

आता हिशेब करू, गटाच्या पद्धतीने, शेकड्यात. कार्डावर खरेदी केली आणि बिलाची पूर्ण रक्कम तारखेच्या आत भरली तर व्याज शून्य. खरेदीच्या दिवसानुसार तीन आठवड्यांपासून दीड महिन्यापर्यंत सवलत मिळते. पण बिलावर दोन आकडे असतात. एक पूर्ण रक्कम आणि दुसरा किमान रक्कम. खेळ सगळा त्या दुसऱ्या आकड्यात आहे. समजा १०,००० रुपये थकले आणि व्याज शेकडा साडेतीन रुपये महिना आहे. महिन्याचं व्याज झालं ३५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६३ रुपये. एकूण ४१३. आपण ५०० रुपये भरले तर मुद्दलात गेले फक्त ८७. असे वर्षभर दर महिन्याला ५०० भरले, म्हणजे ६,००० रुपये भरले, तरी मुद्दल साधारण १,३०० रुपयांनीच कमी होतं. शिवाय एकदा बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. आपल्या गटात शेकडा एक-दोन व्याज असतं आणि ते व्याज गटातच राहून आपल्यालाच परत मिळतं. कार्डाचं गेलेलं व्याज कोणत्याच वाटपात परत येत नाही. कार्डातून एटीएमवर रोख काढली तर फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून. ते तर करूच नये.

मग कार्ड घ्यायचंच कशाला? याचं उत्तर नव्या वहीत आहे. २००० साली सिबिल ही कंपनी स्थापन झाली आणि २००५ मध्ये अशा पतमाहिती कंपन्यांसाठी कायदा झाला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत. आपण कोणत्याही बँकेचं किंवा मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं, कार्ड वापरलं, हप्ता वेळेवर भरला किंवा चुकवला, हे सगळं त्यांच्याकडे जमा होतं. त्यावरून ३०० ते ९०० पर्यंत गुण ठरतात. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने बचत गटातल्या सभासदांच्या कर्जाची माहितीही या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने कळवायला सांगितलं. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात तर गटातल्या आणि गावातल्या लोकांसाठी वेगळा ग्रामीण पतगुणांक जाहीर झाला. म्हणजे उद्या मुलीच्या शिक्षणासाठी, पिठाच्या गिरणीसाठी, घरासाठी बँकेत गेलो की साहेब आधी ही वही उघडणार. सातबारा नसलेल्या बाईसाठी हीच तिच्या स्वतःच्या नावाची जमीन आहे. नवऱ्याच्या पतगुणांवरून आपले ठरत नाहीत आणि आपल्यावरून त्यांचे नाहीत. ही पत कार्डानेच तयार होते असं नाही. गटाचं कर्ज, किसान कार्ड, शिलाई मशीनचा हप्ता, यातूनही होते. पण महिन्याला पैसा हाती येणाऱ्या ताईसाठी नीट वापरलेलं छोटं कार्ड हा बिनखर्चाचा रस्ता आहे.

नीट वापरायचं म्हणजे काय, ते ऐका.

पहिली गोष्ट, ज्या बँकेत आपलं खातं आहे तिथेच विचारा. उत्पन्नाचा कागद नसेल तर छोट्या मुदत ठेवीवर कार्ड मिळतं. ठेवीवर व्याज चालू राहतं आणि मर्यादाही ठेवीवरूनच ठरते. वार्षिक फी नाही ना, हे लेखी बघा.

दुसरी, मर्यादा १५,००० असली तरी साडेचार हजारांच्या पुढे जाऊ नका. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहिलं की पत चांगली दिसते आणि फेडणंही जमतं.

तिसरी, जे तसंही रोखीने घेणारच होतो तेवढंच कार्डावर घ्या. गॅस सिलिंडर, विजेचं बिल, दुकानाचा माल. तेवढी रोख त्याच दिवशी बाजूला ठेवा. साडी आणि पोळ्याचा बाजार कार्डावर नको.

चौथी, बिलाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा आणि पूर्ण रक्कम भरा. पोरीच्या मोबाईलवर आठवण लावली तर उत्तम.

पाचवी, कार्ड दुसऱ्याच्या हाती देऊ नका आणि आपल्या नावावर दुसऱ्यासाठी कर्ज उचलू नका. जाऊ असो की भाऊ असो, हप्ता त्याने चुकवला तरी डाग आपल्या वहीत पडतो. जामीन राहिलात तरी तेच. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

आणि आपले हक्कही माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार न मागता कार्ड देता येत नाही. सगळी बाकी भरून कार्ड बंद करायला सांगितलं तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झालं पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने आपल्याला द्यायचा. पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात न घेतलेलं कर्ज दिसलं, फेडलेलं कर्ज बाकी दिसलं, तर तक्रार करता येते. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. बँक ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा नंबर आहे. १८७९ मध्ये शेतकऱ्याला मागून हिशेब मिळाला, तसाच हा आपला हिशेब आहे. फक्त तो मागावा लागतो.

आता एवढंच करा. पुढच्या बैठकीत वर्गणी आणि कर्जाचे व्यवहार आटोपल्यावर अर्धा तास काढा. ज्या ताईकडे स्मार्टफोन आहे तिच्या मदतीने दर बैठकीला दोघी-दोघींचा पतअहवाल काढा आणि ज्याचा त्याने वाचा. वाचता येत नसेल तर जिच्यावर विश्वास आहे तिच्याकडून वाचून घ्या. त्यात काय लिहिलंय ते कळल्यावरच कार्डाचा फॉर्म भरायचा की नाही ते ठरवा. कार्ड नाही घेतलं तरी काही बिघडत नाही. पण आपल्या नावाची वही कुठे आहे आणि तिच्यात काय लिहिलं आहे, हे वऱ्हाडातल्या बाईला आता माहीत असलंच पाहिजे.

पुन्हा भेटू. नमस्कार.